चुन्याच्या डबीची मोहर

दफ्तरीसाहेबांना कागदावरची रिकामी जागा बघवत नसे. लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढायचे, मग नवरदेवाचं नाव वाचायचे. किराण्याची यादी असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, शेवटच्या अक्षरापासून कागदाच्या कोपऱ्यापर्यंत रेघ. काऊन हो साहेब, असं कोणी विचारलं तर म्हणत, "जागा रिकामी ठेवली का तिथे कोणीतरी येऊन बसते. कागदावर बी अन् जमिनीवर बी." तहसील कचेरीत सारा जन्म मिसली, म्हणजे जमिनीच्या फायली, सांभाळण्यात गेला त्यांचा. एका ओळीच्या फटीत लोकांनी अख्खी शेतं घुसवलेली त्यांनी पाहिली होती. त्यांचं खरं नाव फाट्यावर कोणाला ठाऊक नव्हतं, सारे दफ्तरीसाहेबच म्हणत. आणि ते सगळ्यांना 'तुमी' म्हणत, माझ्या दुकानासमोर झोपणाऱ्या कुत्र्यालाही.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांची चुन्याची डबी माझ्या गल्ल्यात आहे. ती माझ्याकडे कशी आली हे सांगायचं तर मला माझी लाज आधी सांगावी लागते. सांगतो. आता लपवून कोणाचं भलं होणार आहे?

माझं सायकलचं दुकान तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या रस्त्याला, फाट्यावर. पंक्चर, चेन, गोळ्या-कप, हाच धंदा. मग सायकलला बसवायच्या मोटरी आल्या. मागचं चाक काढायचं, मोटरवालं चाक घालायचं, दांडीला बॅटरी, मुठीला रेस. पायडल न मारता सायकल पळते म्हटल्यावर गावोगावची माणसं दुकानात यायला लागली. मी पहिली सायकल तयार करून रस्त्यावर उभी केली तेव्हा दफ्तरीसाहेब समोरच्या हॉटेलात चहा पीत होते. कप ठेवून आले, चष्मा लावून सायकलीला एक फेरा मारला आणि म्हणाले, "हे सायकल हाय का मोटारगाडी?"

मी हसलो. म्हटलं, "साहेब, दोन चाकं हायत, घंटी हाय, अजून काय पाहिजे?"

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आदिलाबादला गेले, संध्याकाळी परत आले ते नियमाचा कागद घेऊन. अर्थात तळाशी रेघ मारलेला. तो कागद त्यांनी मला वाचून दाखवला, गिऱ्हाइकाला दाखवला, हॉटेलवाल्याला दाखवला. पुढे तर पाठच झाला साऱ्या फाट्याला. मोटर अडीचशे वॅटच्या आत पाहिजे. वेग पंचवीसच्या आत पाहिजे. बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या वर नको. ब्रेक, दिवा आणि मागं चमकणारी लाल काच पाहिजे. आणि मोटरच्या डब्यात सरकारमान्य चाचणीचा कागद पाहिजे. "पाचात बसली त सायकल," साहेब बोटांवर मोजत सांगत. "एकात नाई बसली त मोटारगाडी. मंग रजिस्ट्रेशन आणा, लायसन आणा, विमा आणा. नाई आणलं त ठाण्यात या."

असा माणूस दिवसभर दुकानात स्टुलावर बसलेला असला तर धंदा कसा होईल, सांगा. मला राग यायचा. खोटं काऊन बोलू. गिऱ्हाईक भाव विचारत असायचं आणि हे मधेच विचारायचे, "ब्रेक दाबून पाह्यला का तुमी? दोन्ही?"

त्यांची स्वतःची एक जुनी काळी सायकल होती. तिच्यावर ते कधी बसत नसत. हँडलला पिशवी अडकवून सायकल हातात धरून चालायचे, घरून फाट्यापर्यंत, फाट्यावरून घरापर्यंत. त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता. मी एकदा चिडून म्हटलं, "बसायचंच नाई त सायकल आणता काऊन?" तर म्हणाले, "बसलो का डाव्या बाजूचं ऐकू येत नाई. उतरून चाललो का मान वळवून पाहता त येते." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या या मोटरीले आवाज नाई, हे ध्यानात ठेवा. नियम चालवणाऱ्यासाठी नसते, भाऊ. जो पाठमोरा चालून राह्यला त्याच्यासाठी असते." मी मान डोलावली. एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडलं.

आता मोहरेचं सांगतो. या मोटरीबरोबर तळहाताएवढा एक डबा येतो, कंट्रोलर म्हणतात. त्यातून पांढऱ्या वायरीच्या दोन शेपट्या निघतात. त्या एकमेकींत जोडून ठेवल्या की सायकल पंचवीसच्या वर जात नाही. सोडवल्या की अडतीस-चाळीसपर्यंतही पळते. दोन मिनिटांचं काम. साहेबांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी आले ते पिशवीत लाखेची कांडी, मिसली बांधायचा पांढरा दोरा आणि भिंग घेऊन. जोडलेल्या वायरीवर दोरा गुंडाळला, गाठ मारली, काडी पेटवून लाख तापवली, गाठीवर थेंब पाडला आणि खिशातून पितळी चुन्याची डबी काढून तिचं बूड लाखेवर दाबलं. बुडावर फुलाचं नक्षीकाम होतं, ते लाखेत उमटलं.

"सरकारी मोहर घरी ठेवणं गुन्हा हाय," म्हणाले. "चुन्याच्या डबीचं बूड सरकारचं नाई."

नंतर भिंग लावून त्या मोहरेकडे बराच वेळ बघत बसायचे, ओठ हलायचे. मला वाटायचं, काहीतरी पुटपुटतात, म्हातारपण. मग वहीत सायकलीचा नंबर, मालकाचं नाव, आणि खाली रेघ. डबीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. चुनासुद्धा स्वतःच काढून देत.

लोक आधी हसले. मग काय झालं, एकदा रस्त्यावर तपासणी लागली. पोलिसांनी मोटरच्या साऱ्या सायकली उभ्या केल्या. एस्साय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारानं, लाखेची मोहर पाहिली, विचारपूस केली आणि मोहरवाल्या सायकली सोडून दिल्या. तेव्हापासून लोकच म्हणायला लागले, "भाऊ, दफ्तरीसाहेबाची लाख लावून द्या." म्हणजे मोहर त्यांची आणि धंदा माझा. त्यामुळे मी आणखीच चिडायचो. माणसाचा स्वभाव असाच, ज्याच्यामुळे पोट भरते त्याच्यावरच डोळे वटारतो.

सुजाता आमच्या भागात टपाल वाटायची. बापाच्या मागं आई आणि धाकटी बहीण तिच्यावर. नोकरी तिनं परीक्षा देऊन मिळवली होती आणि दफ्तरीसाहेबांना त्याचा फार अभिमान. त्यांच्या घरात भिंतीवर एकच फोटो, निळ्या कोटातला. तिकडे बोट करून तिला म्हणायचे, "कायदा आपल्या घरचा हाय, सुजाताबाई. दुसऱ्यानं मोडला त चालते, आपण मोडला त घर मोडलं." तिच्या सायकलीला मोटर मी बसवली, लाख त्यांनी लावली.

पण तिचा रस्ता लांबचा. पाच गावं फिरून तिला तीनच्या बसला टपालाची थैली चढवावी लागे. दोनदा बस चुकली. दुसऱ्यांदा ती दुकानात आली तेव्हा वरून लेखी ताकीद आली होती. स्टुलावर बसून पाणी प्याली आणि म्हणाली, "भाऊ, थोडी अजून पळाली असती तं बरं झालं असतं." एवढंच म्हणाली. वायर सोड असं ती म्हणाली नाही. हे मी कोर्टातही सांगितलं, इथंही सांगतो.

त्याच सकाळी साहेबांनी माझं एक मोठं गिऱ्हाईक घालवलं होतं. साडेतीनशे वॅटची मोटर मागत होता तो. साहेब त्याच्या सायकलीच्या चाकासमोर चक्क मांडी घालून बसले आणि उठेचनात. तो माणूस चार लोकांत मला म्हणाला, "दुकान तुझं हाय का या म्हाताऱ्याचं?" ते मनात खदखदत होतं. पोरीची दया होती, नाही असं नाही. पण अर्धी दया आणि अर्धा राग. दुपारी साहेब जेवायला गेले तेव्हा मी दोरा कापला, वायर सोडवली, सोडवलेल्या शेपट्या पुन्हा दोऱ्यात गुंडाळल्या आणि वर लाख पाडून दुसऱ्या एका चुन्याच्या डबीचं बूड दाबलं. ती डबी मी उटनूरच्या बाजारातून आधीच आणून ठेवली होती, अगदी तशीच, तेच फूल. कशासाठी आणली होती? ते मलाही धड सांगता येत नाही. आणलेली होती, एवढं खरं.

सुजाताला म्हटलं, "बॅटरीचे सेल बदलले. आता पळते." ती खूश होऊन गेली. त्यानंतर तिची एकही बस चुकली नाही. साहेबांनी मला विचारलं, "सुजाताबाईची सायकल लय पळून राह्यली?" मी म्हटलं, "उतार हाय ना साहेब." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मान खाली घालून स्पोक आवळत बसलो.

मग बाजाराचा दिवस आला. दुपारचे दोन. मी दुकानात होतो आणि उताराच्या खालून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो. रस्त्यावर पत्रं पसरली होती. सुजाता कोपरं फुटलेली, रडत, कोणाचं तरी डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाजूला काळी सायकल पडली होती, हँडलला पिशवी तशीच. पाठमोरे चालले होते साहेब. डाव्या अंगानं ती आली, घंटी वाजवत आली, ब्रेक दाबत आली. पण पंचवीसला थांबणारी सायकल अडतीसला थांबत नाही. त्यांचा पाय मांडीत मोडला होता.

दवाखान्यातून ठाण्यात कळवलं जातं, तो कायदाच आहे. एस्साय साहेबांनी सायकल नेली. माणूस वाईट नव्हता तो. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावून त्यानं त्याच्या तेलुगूमिश्रित हिंदीत समजावलं, त्याचा सारांश असा: ही सायकल असेल तर सायकलीनं धक्का लागला, जखमी माणूस म्हणेल तसं मिटवता येतं. ही मोटारगाडी असेल तर लायसन नाही, विमा नाही, रजिस्ट्रेशन नाही, आणि मग मिटवणं माझ्या हातात नाही. पोरीची नोकरी जाईल. चार वाजता ब्रेक इन्स्पेक्टर येत आहेत. (आमच्याकडे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ब्रेक इन्स्पेक्टरच म्हणतात.) मोहर दफ्तरीसाहेबांची आहे आणि शाबूत आहे असं त्यांनी बयानात लिहून दिलं तर मी ती सायकल सायकल म्हणूनच लिहितो, उघडून बघायची गरज नाही.

कंट्रोलर पिशवीत घालून त्यानं शिपायाबरोबर दवाखान्यात पाठवला. मी मागोमाग निघालो. वाटेत एकच हिशोब डोक्यात. साहेब कधी खोटं बोलले नाहीत. पण सुजातासाठी बोलतील. डोळे अधू झालेत, औषधाची गुंगी आहे, फूल तर तेच आहे. बोलले तर सुटलो. आणि नाही बोलले तर माझ्या हातानं केलेलं त्या पोरीच्या डोक्यावर.

सुजाता दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. दोन्ही कोपरांना पट्ट्या. मला बघून उठली आणि मलाच धीर द्यायला लागली. "भाऊ, तुमी कायले भेऊन राह्यले? मोहर तं साहेबाचीच हाय ना. मंग सायकल पंचवीसच्या वर जाईलच कशी? मलेच काल उगाच जोरात वाटली असन."

मला तिच्याकडे बघवलं नाही. सरळ आत गेलो.

साहेब खाटेवर, पायाला वजन टांगलेलं. चेहरा पांढरा पडलेला, पण चष्मा लावलेला आणि छातीवर जेवणाच्या ताटाखाली कागद अडकवून ठेवलेला. शिपाई पिशवी देऊन बाहेर चहाला गेला. साहेबांनी भिंग मागितलं. त्यांच्याच पिशवीतून मी काढून दिलं. ते मोहरेकडे बघत राहिले, ओठ हलले. मग भिंग माझ्याकडे दिलं.

"पाकळ्या मोजा," म्हणाले.

मी मोजल्या. आठ होत्या.

"आता ही पाहा." त्यांनी खिशातली डबी काढून माझ्या तळहातावर उपडी ठेवली. तेच फूल. पण एका बाजूची पाकळी घासून घासून सपाट झालेली. वर्षानुवर्षं कचेरीच्या टेबलावर एकाच बाजूनं सरकवलेली डबी ती. सात पाकळ्या. इतकी वर्षं हा माणूस लाख लावून पुटपुटत नव्हता, मोजत होता.

वाटलं, आता विचारतील. कोणी केलं हे, असं विचारतील. नुसतं विचारलं असतं तरी मी काहीतरी खोटं सांगून सुटलो असतो. त्यांनी विचारलं नाही. डबी परत घेतली, पेन काढलं आणि ताटावर कागद ठेवून लिहायला लागले.

अक्षर मोत्यासारखं होतं त्यांचं. मी उभ्यानं वाचत होतो. नाव, वय, मुक्काम. कुठे चाललो होतो, कोणत्या अंगानं धक्का लागला. सुजाताबाईने घंटी वाजवली असावी, परंतु मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मग: दाखवलेली मोहर मी पाहिली. ती माझी नाही.

संपलं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "साहेब, त्या पोरीचं घर बसन ना हो. एक शब्द काढून टाका. तुमचाच पाय मोडला, तुमीच माफ करून टाका."

"माझा पाय मी कवाचाच माफ केला," ते म्हणाले. "हा कागद पायाचा नाई."

त्याखाली त्यांनी सही केली आणि सहीखालच्या जागेवर नेहमीसारखी तिरपी रेघ ओढली. मग ताट कागदासकट माझ्याकडे सरकवलं, पेन उघडंच वर ठेवलं आणि म्हणाले, "मले गुंगी येऊन राह्यली. शिपाई येईपर्यंत झोपतो." टांगलेला पाय सांभाळत त्यांनी मान उजवीकडे वळवली. चांगला कान उशीत, बहिरा वर.

मी कागद उचलला आणि तेव्हा दिसलं. 'ती माझी नाही' आणि त्यांची सही यांच्यामध्ये एक ओळ कोरी होती.

आयुष्यभर या माणसानं लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा बोटभर जागा सोडली नव्हती. ती ओळ चुकून राहिलेली नव्हती.

बाहेर शिपायाचा आवाज येत होता, चहावाल्याशी तेलुगूत काहीतरी बोलत होता. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. मनात काय काय आलं ते सगळं सांगणं बरं नाही. कागद खिशात घालून निघून जावं. किंवा त्या ओळीत असं काही लिहावं की लाख उन्हानं वितळली असावी, सही तर त्यांचीच आहे खाली. मी काय वाटेल ते लिहू शकत होतो आणि त्यांना ते माहीत होतं. माहीत असून बहिरा कान वर करून पडले होते. खाटेच्या पलीकडे खिडकीतून सुजाता दिसत होती. मांडीवर टपालाची थैली घेऊन बसली होती, कालची पत्रं गोळा करून गावांप्रमाणे लावत होती.

मी खाली बसलो. ताट मांडीवर घेतलं आणि लिहिलं: ही मोहर मी केली, वायर मी सोडली, सुजाताबाईला माहीत नव्हतं. पुढे सही केली.

मान वर केली तर साहेब माझ्याकडे बघत होते. झोपले कुठले. त्यांनी कागद मागून घेतला, माझी ओळ दोनदा वाचली. माझ्या सहीपुढे दोन बोटं जागा उरली होती. त्यांनी पेन घेतलं आणि तेवढ्या जागेवर रेघ मारली.

"आता यात कोणी काही वाढवणार नाई," म्हणाले. "तुमच्या बी नावावर."

मी त्यांच्या खाटेच्या दांडीवर डोकं टेकवून रडलो. शिपाई आत आला तरी मला उठता येईना.

केस माझ्यावर चालली. दंड झाला आणि बरेच महिने दुकानाचं शटर खाली राहिलं. सुजाताला वरून विचारणा आली, तिनं उत्तर दिलं, नोकरी राहिली. मोटर काढून टाकलेली सायकल तिला परत मिळाली. पायडल मारत ती रोज दुकानासमोरून जायची, घंटी वाजवायची नाही, माझ्याकडे बघायची नाही. साहेबांचा पाय जुळला, पण थोडा आखूड. आता पुन्हा ते स्टुलावर येऊन बसतील असं मला वाटलं नव्हतं. मी स्टूल आत ठेवून दिलं होतं.

शटर उघडल्यावर आठवडाभरातच ते आले. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी. त्यांच्या मागं सुजाता तिची सायकल धरून उभी, तोंड रस्त्याकडे. साहेबांनी आत डोकावून स्टूल मागितलं, बसले, आणि म्हणाले, "अडीचशेची मोटर हाय का? चाचणीच्या कागदासकट?"

होती. मी बसवली. ते ब्रेक दाबून बघत होते, दोन्ही. पांढऱ्या वायरी जोडल्या, त्यांनी दोरा गुंडाळून गाठ मारली. "लाख तापवा," म्हणाले. मी तापवली, थेंब पाडला आणि हात मागं घेतला.

त्यांनी खिशातून डबी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मला काही समजेना. सुजातानं पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी भिंग पुसून डोळ्याला लावलं आणि सायकलीवर वाकले.

"मारा," म्हणाले. "मी मोजतो."